परसातलं खुराडं : थंडीतली पत्रं

दिवाळी सरली, साखर कारखान्यांची धुराडी पेटली, की माझ्याकडं येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. पावसाळाभर जंत आणि रक्ती हगवण, आता शिंका, घुरघुर, ‘अंडी बंद झाली’ आणि मानमोडी. बरेच जण पत्रात ‘डॉक्टर’ म्हणून सुरुवात करतात. मी डॉक्टर नव्हे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी झाली, आता करवीर तालुक्यात घरीच असतो. परसातल्या कोंबड्या बायकोच्या आहेत आणि अंड्यांचा हिशोबही तिच्याच वहीत. तेव्हा औषधाचं प्रमाण पत्रातून विचारू नका, ते पक्षी समोर बघूनच ठरतं. बाकी जे सांगता येईल ते सांगतो.

प्रश्न : काका, आमच्या परसात गावठी आणि गिरिराज मिळून १४ कोंबड्या आहेत. घर पंचगंगेच्या काठाला, पहाटे धुकं दाट पडतं. गारठा लागू नये म्हणून दिवाळीपासून खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद बांधलाय, फटींत बारदान कोंबलंय. तरी पहाटे शिंका आणि घुरघुर ऐकू येते. दोघींच्या डोळ्यांतून पाणी येतंय. अजून काय पांघरूण घालू? आणि ओव्याची धुरी देऊ का?
— एक वाचक भगिनी, वडणगे

उत्तर : ताई, आहे तेच पांघरूण काढा. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं आणि पिसं फुलवून ती स्वतःभोवती उबदार हवा धरून ठेवते. आपल्याकडं थंडीत पहाटे पारा १४-१५ अंशांवर येतो, एखाद्या रात्री आणखी खाली. कोरड्या जागी बसलेल्या, पोट भरलेल्या मोठ्या कोंबडीला हा गारठा काहीच नाही. तिला सोसत नाही ती ओल आणि कोंदट हवा. तुमच्या खुराड्यात दोन्ही आहेत.

उद्या एवढं करा. पहाटे सहाला खुराडं उघडण्याआधी प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला हात लावा. हात ओला होईल, थेंब ओघळताना दिसतील. ते पाणी धुक्याचं नाही. १४ जीव रात्रभर श्वास सोडतात आणि ओल्या विष्ठेत पाऊण हिस्सा पाणीच असतं. ते जायला तुम्ही वाट ठेवलेली नाही. मग उकिडवं बसून तुमचं नाक दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या नाकाच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले, नाकात झणका बसला, तर तो विष्ठेतून उठणारा अमोनिया आहे. तुम्ही मिनिटभरात मागं सराल, त्या बिचाऱ्या बारा तास तिथंच बसतात. श्वासनळीच्या आत बारीक केसांसारखं अस्तर असतं, ते धूळ-जंतू बाहेर लोटतं. अमोनियानं तेच मोडतं. मग मायकोप्लाझ्मासारख्या जंतूंना रान मोकळं मिळतं आणि घुरघुर सुरू होते.

प्लॅस्टिक सोडा. वाऱ्याच्या बाजूला जमिनीपासून कोंबड्या बसतात त्याच्या वर हातभर बारदान लावा. बारदानातून हवा खेळते, कागदातून नाही. छपराखाली समोरासमोरच्या दोन बाजूंना वीतभर पट्टी मोकळी ठेवा आणि तिला बारीक जाळी ठोका, नाहीतर मुंगूस तिथूनच आत शिरेल. वारा अंगावर येऊ नये, डोक्यावरून जावा, एवढंच साधायचं. ऊन आलं की बारदान वर गुंडाळा. खाली भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा, एक दिवसाआड दाताळ्यानं हलवा, ओले गठ्ठे उचलून उकिरड्यावर टाका. पाण्याचं भांडं रात्री बाहेर काढा. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, ते फक्त सांडतं.

डोळ्यांतून पाणी येणाऱ्या दोघी आजच वेगळ्या करा, डालग्याखाली न कोंडता, हवेशीर जागी. दवाखान्यात दाखवा आणि जे औषध मिळेल ते सांगितलेले सगळे दिवस द्या. दुसऱ्या दिवशी घुरघुर थांबली म्हणून बाटली फळीवर ठेवू नका. ओव्याची धुरी द्यावी का, असं शेवटी विचारलंय. आधीच छाती भरलेल्या पक्ष्याला धूर कशाला? आमच्या गल्लीतलं असंच बांधलेलं एक खुराडं बघून आमची बायको म्हणाली होती, “अवो, ह्या कोंबड्या कोंडल्यात का पुरल्यात?”

प्रश्न : एक दिवसाची ५० पिल्लं आणली. मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वर ९ वॅटचा बल्ब लावला. खाली साखर कारखान्यातून आणलेलं बगॅस (उसाचा चोथा) पसरलं. रोज सकाळी एका कोपऱ्यात चार-पाच मेलेली, चेपलेली सापडतात. बल्ब तर रात्रभर चालू असतो.
— एक तरुण शेतकरी, चंदगड

उत्तर : तुमचा ९ वॅटचा बल्ब एलईडी असणार. त्यानं उजेड पडतो, ऊब नाही. हात जवळ नेऊन बघा, तळव्याला काही जाणवणार नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी करत न्यायची. त्याला जुना तारेचा बल्ब हवा. अंदाजानं पिल्लामागं २ वॅट धरा. म्हणजे ५० पिल्लांना १०० वॅट, पण ६० वॅटचे दोन लावा. एक उडाला तरी रात्र निघते. चंदगडची थंडी कोल्हापूर शहरापेक्षा कडक, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खोकं टाकून द्या. चौकोनाला कोपरे असतात आणि गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात. खालची थंडीनं नाही, चेंगरून मरतात. पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा दीड फूट उंचीचा गोल आळा करा, मधोमध बल्ब टांगा. मग थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लंच सांगतात. बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट चालला असेल तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. आळ्याच्या कडेला सरकून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय, वर घ्या. सगळीकडं पांगून खात-पीत, मध्येच पाय पसरून झोपत असतील तर तुम्हीही झोपायला जा. सगळी एकाच बाजूला गोळा झाली असतील, तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय, ती फट शोधा.

आता बगॅस. कारखान्यातून निघालेल्या ताज्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. वरून कोरडं दिसलं तरी दोन दिवसांत आतून बुरशी धरतं. त्या बुरशीचे कण पिल्लांच्या फुप्फुसात गेले की ती चोच वर करून श्वास घेत बसतात आणि त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. भाताचं तूस घ्या, चंदगडात त्याला काय तोटा? पहिले तीन-चार दिवस त्यावर वर्तमानपत्र अंथरा, नाहीतर पिल्लं खाद्य समजून तूसच टिपतात. कागद गुळगुळीत असला तर त्यांचे पाय फाकतात, म्हणून खडबडीत बघून घ्या.

वीज गेल्यावर काही जण कोळशाची शेगडी पेटवून दार लावून घेतात. हे करू नका. बंद खोलीत कोळशाच्या वायूनं सगळी पिल्लं एका रात्रीत जातात, आणि खोलीत कुणी झोपलं असेल तर माणूसही. वीज नसेल तर गरम पाणी भरलेल्या बाटल्यांना फडकं गुंडाळून आळ्यात ठेवा आणि वरून बारदान टाका, हवेला एक बाजू मोकळी ठेवून.

प्रश्न : नोव्हेंबरपासून अंडी बंद. खाद्य तेच, कोंबड्या चांगल्या दिसतात, फक्त मानेवरची आणि शेपटीची पिसं झडलीत. कुणाची दृष्ट लागली असं सासूबाई म्हणतात.
— एक गृहिणी, पन्हाळा

उत्तर : दृष्ट नाही, दिवस लहान झालाय. डिसेंबरात आपल्याकडं दिवस अकरा तासांच्या आसपास असतो आणि नियमित अंड्यांसाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. त्यातच पिसं झडून नवी येण्याचा काळ. नव्या पिसांना प्रथिनं लागतात, अंड्यासाठी उरत नाहीत. दोन-तीन महिन्यांत गाडी रुळावर येईल. तोवर शेंगपेंड किंवा सुकटीचा चुरा थोडा वाढवा. पेंड मात्र वास घेऊन घ्या, कुबट असेल तर नको. विकण्यासाठी अंडी हवी असतील तर पहाटे चारला लागणारा एक बल्ब लावा. इथं एलईडी चालतो. घरच्या सात-आठ गावठी कोंबड्यांसाठी मी हा खटाटोप करणार नाही. त्यांना सुट्टी घेऊ द्या. सासूबाईंना मिरच्या-मीठ ओवाळायचं असेल तर ओवाळू द्या, कोंबडीला त्याचा त्रास नाही.

प्रश्न : आठवडी बाजारातून दोन तलंगा (अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) आणल्या. पाच-सहा दिवसांत त्यातली एक मेली. मग घरच्या कोंबड्यांना हिरवट-पांढरी हगवण लागली, चोच उघडून श्वास घेतात, काहींची मान पिळून पाठीवर वळते. २२ पैकी ९ गेल्या. दुकानातून आणलेली पावडर पाण्यातून दिली, हळद-लसूणही चारला. कुठलं औषध लागू पडेल? की उरलेल्या विकून टाकू?
— एक वाचक, शिरोळ

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. विकू नका. तुमच्याही परसात हा रोग असाच कुणीतरी बाजारात विकलेल्या तलंगेबरोबर आलेला दिसतो.

तुम्ही लिहिलेली लक्षणं मानमोडीची आहेत. सरकारी कागदात तिला रानीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरातल्या त्या गावावरून. हा विषाणूचा रोग आहे. पावडरीतलं प्रतिजैविक जंतूंवर चालतं, विषाणूवर नाही, आणि हळद-लसूणही नाही. लागण झालेल्या कोंबडीला बरं करणारं औषध नाही. काही आपोआप वाचतात, त्यांची मान मात्र पुढं कित्येक दिवस वाकडी राहते आणि दाणा टिपताना चोच भलतीकडंच पडते. अशीला हातानं भरवावं लागतं.

तरी हे मानमोडीच आहे असं मी घरबसल्या छातीठोकपणे सांगणार नाही. बर्ड फ्लूतही धडाधड मरतात आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो देशात पहिल्यांदा सापडला, तेव्हाही सुरुवातीला बऱ्याच जणांना मानमोडीच वाटली होती. म्हणून मेलेली कोंबडी स्वतः फाडू नका. खाऊ तर नकाच, तांबड्या रश्श्यात उकळली तरी साफसफाई आणि कापणं हातानंच होतं. १९६२ या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ते तपासणीची व्यवस्था करतील. बाकीच्या मेलेल्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, ओढ्यात फेकू नका. शिरोळात ओढा शेवटी नदीलाच मिळतो आणि कुत्री त्याआधीच पोचतात.

धडधाकट आहेत त्या वेगळ्या ठेवा. आधी त्यांचं दाणापाणी, मग आजाऱ्यांचं, उलटं नको. खुराड्यात जायची चप्पल वेगळी ठेवा, कारण हा विषाणू चपलेच्या तळाला, खुराड्याच्या पाटीला, अंड्यांच्या ट्रेला चिकटून दुसऱ्या गल्लीत जातो. दाणापाण्याची भांडी, धुण्याचा सोडा लावून, घासून कडक उन्हात ठेवा. शेवटची कोंबडी मेल्यापासून किमान तीन आठवडे नवा पक्षी आणू नका. पुढं आणाल तोही दोन-तीन आठवडे घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवून मगच मिसळा.

आता लसीचं, कारण खरं काम तिथंच आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्यात पुन्हा. आठ-दहा आठवड्यांचं झालं की आर टू बी, ही टोचायची. मुक्तेश्वरला तयार झालेली ही लस, म्हणजे रोगाचं नाव कुमाऊंचं आणि उताराही कुमाऊंचाच. ती टोचायच्या एक आठवडा आधी जंताचं औषध द्यावं. अंड्यावर आलेल्या कोंबडीला टोचली तर काही दिवस अंडी घटतात, घाबरू नका. आजारी पक्ष्याला मात्र लस द्यायची नाही.

लोक म्हणतात, “लस दिली तरी मेल्या.” नोकरीत हे वाक्य मी गावोगाव ऐकलं. चौकशी केली की बहुतेक वेळा कळायचं, बाटली खिशात घालून मोटारसायकलवरून उन्हातून आणलेली. ही लस जिवंत असते. बर्फ घातलेल्या थर्मासातूनच ती आणायची, विरघळवल्यावर दोन तासांत संपवायची, उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवायची नाही. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी चालत नाही, त्यातलं क्लोरीन लस मारतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी घ्या आणि लिटरला ५-६ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर टाका. छोटी बाटलीदेखील १०० मात्रांची येते आणि तुमच्याकडं कोंबड्या उरल्या तेरा. म्हणून गल्लीतल्या सहा-सात घरांनी एक दिवस ठरवून एकच बाटली फोडावी. खर्च विभागतो आणि शेजारच्या कोंबड्यांनाही संरक्षण मिळतं, जे जास्त महत्त्वाचं. गावात पशुसखी, म्हणजे जनावरांच्या देखभालीचं प्रशिक्षण घेतलेली बाई, असेल तर तिला सांगा, ती हे काम जमवून आणते.

प्रश्न : तुऱ्यावर आणि डोळ्याभोवती काळपट खपल्या आल्यात. मेडिकलवाल्यानं माणसांचं प्रतिजैविक दिलं, ते चालू आहे. अंडी खाल्ली तर चालतील?
— एक वाचक, कागल

उत्तर : खपल्या कोंबड्यांच्या देवी या रोगाच्या असाव्यात. डासांमुळं पसरते, हिवाळ्यात जास्त दिसते. खपली खरवडू नका, आयोडीन लावा, डोळा बंद होत असेल तर कोमट मीठपाण्यानं पुसा. तीन-चार आठवड्यांत गळून पडतात. तोंडाच्या आत पिवळट थर दिसला तर मात्र दवाखाना. हाही विषाणूच, म्हणून ते प्रतिजैविक बंद करा. औषध चालू असताना आणि नंतर ठरावीक दिवस अंडी खायची नसतात. पशुवैद्यकीय औषधाच्या वेष्टनावर ते दिवस छापलेले असतात. माणसांच्या गोळीवर कोंबडीचे दिवस कोण छापणार? दवाखान्यात विचारून घ्या. कोलिस्टिन नावाचं औषध खाद्यप्राण्यांसाठी २०१९ पासून देशात बंद आहे. जुनी पुडी घरात पडली असेल तर तीही वापरू नका.

प्रश्न : आठवड्यापासून कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जायलाच तयार नाहीत, शेवग्यावर चढून बसतात. वर दव पडतं, घुबडाचीही भीती.
— एक वाचक भगिनी, आजरा

उत्तर : कोंबडी हट्टी नसते, तिला आत काहीतरी त्रास आहे. आधी मुंगसाचं किंवा सापाचं बीळ बघा. ते नसेल तर रात्री नऊनंतर बॅटरी आणि पांढरं फडकं घेऊन जा. बसायच्या दांडीच्या खालच्या अंगावरून आणि सांध्यांतून फडकं फिरवा. त्यावर रक्ताचे बारीक फराटे उमटले तर तांबड्या गोचिडीसारखे किडे आहेत. दिवसा ते बांबूच्या पोकळीत, फळीच्या फटीत लपतात, रात्री कोंबडीचं रक्त पितात. दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधलं तर काहीच सापडत नाही, म्हणून लोक फसतात.

भर दुपारी खुराडं रिकामं करा, तूस जाळून टाका, फटीफटींत उकळतं पाणी ओता. वाळल्यावर दाट चुना फिरवा, सांध्यांत जास्त. पोकळ बांबूची दांडी असेल तर बदलून भरीव लाकडाची घाला. आठवड्यानं सगळं पुन्हा, कारण पहिल्या वेळी किड्यांची अंडी वाचतात. उसावर मारायचं कीटकनाशक कोंबड्यांच्या अंगावर शिंपडू नका. त्यानं कोंबडी मेलेली मी पाहिलीय. परसाच्या उन्हाच्या कोपऱ्यात चुलीची गार राख आणि कोरडी माती मिसळून एक उथळ खळगा करून द्या, त्या आपण होऊन लोळतील.

प्रश्न : माझी कोंबडी सकाळी एका पायावर उभी राहते. तिचा पाय मोडलाय का? मी सातवीत आहे.
— एक विद्यार्थी, राधानगरी

उत्तर : नाही बाळा. कोंबडीच्या पायांवर पिसं नसतात, म्हणून ती एक पाय पोटाच्या पिसांत घालून उबवते आणि थोड्या वेळानं पाय बदलते. बदलते का, एवढं बघ. रोज तोच पाय वर धरत असेल, चालताना लंगडत असेल, तर तळव्याखाली काटा किंवा काळा फोड आहे का ते बाबांना बघायला सांग. आणि दुपारच्या उन्हातही ती पिसं फुलवून डोळे मिटून एकटीच बसत असेल, दाणा टाकल्यावरही उठत नसेल, तर ती आजारी आहे. मग त्याच दिवशी दवाखान्यात न्यायची. तिची बसायची दांडी बारीक काठीची असेल तर दोन इंच रुंदीची चपटी, कडा घासलेली पट्टी बसवून दे. रात्री बसली की तिची बोटं पिसांखाली झाकली जातील.